चार नंबरचं गाऱ्हाणं

भिकाजी परब भुताखेताला भिणारा माणूस नव्हता. भांडुपच्या पत्र्याच्या कारखान्यात सोळा वर्षं काढलेला माणूस भुताला कशाला भिईल? तिथला आवाजच असा, की भूत आलं तरी कंटाळून परत जाईल. पण दुपारी साडेबाराला जेवणाची सुट्टी व्हायची, सगळे प्रेस थांबायचे, माणसं डबे उघडून बसायची, आणि नेमका तेव्हाच भिकाजीच्या कानात चार नंबरचा प्रेस पडायचा. खाट्! एकदाच. हातातला घास हातातच राहायचा. शेजारी काशीराम बुक्कीनं कांदा फोडत निवांत बसलेला असायचा, त्याला काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. आणि चार नंबर तर दोन वर्षं बंद होता. त्याचा पट्टासुद्धा काढून ठेवलेला.

त्या चार नंबरनं शिवदासला खाल्लं होतं.

शिवदास भिकाजीच्या वाडीतलाच, मालवणकडचा. परळच्या गिरणीत कामाला होता. ब्याऐंशीचा संप लांबत गेला, घरात चूल पेटेना, तेव्हा भिकाजीनंच त्याला भांडुपला आणून चिकटवला. आता हा प्रेस कसा असतो, ते सांगतो. त्याला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा जड ठोकळा खाली येणार. म्हणजे ठोकळा पडताना हात आपोआप बाहेर. ज्यानं ही अक्कल लढवली त्याला शंभर नमस्कार. पण आमची माणसं त्याच्याही वर एक पायरी! डाव्या बटणाच्या फटीत काडेपेटीची काडी खोचली की बटण दाबलेलंच राहतं. डावा हात मोकळा झाला, की पत्रे भराभर आत सरकवता येतात. नग जास्त पडतात, आणि मजुरी तर नगावरच. ही काडी कारखान्यात आणली कोणी? आमच्या भिकाजीनं. सगळं खातं ती त्याच्याकडून शिकलं आणि त्याला गुरू म्हणायला लागलं. तोही छाती फुगवून फिरायचा, खोटं कशाला बोला.

शिवदास मात्र पहिला आठवडाभर दोन्ही बटणं दाबत राहिला. पोरं चिडवायची, "बघा रे, नमस्कार करतोय मशीनला!" भिकाजीला त्याची लाज वाटली. आपण आणलेला माणूस, आणि असा भित्रा? त्यानं स्वतःच्या हातानं काडी खोचली. शिवदास म्हणाला, "नको रे भिकादादा, माका भीती वाटता." भिकाजी हसला. म्हणाला, "भीती कित्याक? मी आसय मा हंय." तिसऱ्या दिवशी शिवदासचा डावा हात ठोकळ्याखाली सापडला. जखमेत धनुर्वात झाला आणि आठव्या दिवशी शिवदास इस्पितळातच वारला.

चौकशीला सरकारी साहेब आला. भिकाजी पुढं झाला आणि म्हणाला, "काडी त्यानं स्वतः लावली, साहेब. मी बजावलं होतं. ऐकलं नाही." मागं उभ्या असलेल्या चाळीस माणसांनी माना हलवल्या. साहेबानं लिहून घेतलं आणि चहा पिऊन गेला.

मेल्याला कोण विचारतं? पण शिवदासची बायको मंजुळा आणि दोन पोरं मागं राहिली होती. भिकाजीनं मालकाचे पाय धरले आणि मंजुळाला पॅकिंगमध्ये लावून घेतलं. त्या दिवसापासून तिच्या लेखी भिकाजी म्हणजे पाठीराखा भाऊ. भाऊबीजेला तबक घेऊन ती त्याच्या खोलीवर यायची, ओवाळायची, म्हणायची, "भिकादादा, तुमी होतास म्हणान पोरा जगली." भिकाजीला तिच्याकडे बघवायचं नाही. ओवाळून ती गेली की तो मोरीत जाऊन तोंड धूत बसायचा, धूतच बसायचा.

पंच्याऐंशी साली कारखान्यात नवे मॅनेजर आले, चंद्रप्रकाश साहेब. माणूस भला, पण पुस्तकं वाचलेला. पहिल्याच आठवड्यात भिंतीवर सुरक्षेचे तक्ते लागले. मग भाषण झालं: हा कारखाना म्हणजे एक कुटुंब, एकमेकांच्या हातांची काळजी घ्या, जुन्या सवयी सोडा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि जाऊन काड्या खोचल्या. साहेब काही हटला नाही. त्यानं विचारलं, "इथं सगळे कोणाचं ऐकतात?" चाळीस बोटं भिकाजीकडे वळली. झालं! त्याच्या छातीवर लाल बिल्ला लागला, आणि काड्या बंद करायची जबाबदारी त्याच्यावर आली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्या ह्याच.

सकाळी तो मशीनमशीनवर फिरून काड्या काढायचा. चहापर्यंत त्या परत जागेवर. संध्याकाळी खिसा भरून काड्या घरी. बायको जानकी कपडे धुताना करवादायची, "विडी सोडलंत म्हणतास, मगे ह्यो काड्यो कसल्यो?"

एकदा त्यानं काशीरामला दम दिला. काशीराम त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, तोंडाचा फाटका. तो म्हणाला, "भिकाजीभाय, तूच शिकवलंस ना यार? आता साधू कशाला बनतोस?" मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "आणि शिवदास तर आपल्या मर्जीनं मेला ना? तूच साहेबाला सांगितलंस."

भिकाजी तसाच पुढच्या मशीनकडे वळला. खरं दुखणं तिथंच होतं. काडी बटणात नव्हती, ती सगळ्यांच्या घशात अडकली होती. चाळीस माणसांना खरं ठाऊक होतं आणि चाळीसही गप्प होती. ज्याचं खोटं आपण दोन वर्षं झाकलं, त्याचा दम कोण ऐकणार? सप्टेंबरात काशीरामच्या मधल्या बोटाचं नख ठोकळ्यानं उडवलं. तो हसला, फडकं गुंडाळलं आणि दुसरी काडी खोचली. आता पुढचा हात कोणाचा जाणार, एवढंच बघायचं उरलं होतं.

तेवढ्यात मोठी ऑर्डर आली. चार नंबर सुरू करायलाच हवा होता. पण त्यावर बसायला कोणी तयार होईना. "शिवदास हिंडता थंय," कोकणातली माणसं म्हणाली. "खंडेनवमीक मशीनची पूजा आसा, तेव्हा गाऱ्हाणं घाला. मगे बघू." साहेबाला काय, त्यानं लगेच होकार दिला.

गाऱ्हाणं म्हणजे गुळमुळीत प्रार्थना नव्हे. नारळ हातात धरून, मोठ्या आवाजात, देवाला सगळं झालेलं सांगायचं, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणून साक्ष द्यायची. गाऱ्हाण्यात खोटं बोलणाऱ्याचा वंश बुडतो, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. आणि गाऱ्हाणं घालायचं ते वयानं आणि मानानं थोरल्यानं. म्हणजे भिकाजीनंच.

ताप आलाय म्हणून घरी बसावं, असं त्याच्या मनात दहादा आलं. खरं बोललो तर नोकरी जाईल, कदाचित पोलीसही येतील. त्याहून वाईट म्हणजे मंजुळा समोर असेल. पण गप्प राहिलो आणि काशीरामचा हात गेला, तर? त्या सकाळी तो दाढी करून, धुतलेला सदरा घालून निघाला.

मशीनं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घातलेल्या. हळदकुंकू वाहिलेलं. पॅकिंगच्या बायका एका बाजूला, त्यांत मंजुळा. भिकाजी नारळ घेऊन चार नंबरसमोर उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज खंडेनवमीक तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली हत."

"होय म्हाराजा!"

"ह्या मशिनीर आमचो शिवदास गेलो."

"होय म्हाराजा!"

मग तो थांबला. इतका थांबला, की मागं कोणीतरी खोकलं. त्यानं नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"तेच्या बटणात काडी तेना लावलेली नाय!"

सवयीनं 'होय' निघालं आणि अर्ध्यावरच तुटलं. भिकाजी मागं वळला नाही. वळला असता तर संपलंच होतं.

"ती मी लावलंय. ह्या हातान. तो नको म्हणत होतो आणि मी तेका हसलंय."

मागून एकट्या काशीरामचा आवाज आला, "होय महाराजा." तो कोकणातला नव्हता, त्याला हे म्हणायचं बंधन नव्हतं. तरी म्हणाला.

"आणि सरकारी सायबासमोर मी खोटा बोललंय. मेलेल्याच्या माथ्यार घातलंय."

"होय म्हाराजा," आता दहाबारा आवाज.

"आमका सगळ्यांका ठावक होता!"

"होय म्हाराजा!" सगळं खातं एकदम ओरडलं. दोघंतिघं रडत होते.

नारळ फुटला. काशीरामनं कानावरची काडी काढून मशीनच्या पायाशी ठेवली. मग दुसऱ्यानं ठेवली, मग रांगच लागली. साहेबाला मालवणी कळत नव्हतं, क्लार्कनं कानात सांगितलं तसा त्याचा चेहरा उतरला. पुढं भिकाजीचा बिल्ला गेला. नोकरी कशीबशी राहिली, आणि त्यानं स्वतः मागून चार नंबर घेतला. त्यानंतर खात्यात रीतच पडली: शेजाऱ्याच्या बटणात काडी दिसली, की कोणीही जाऊन त्याचा स्विच बंद करावा, आणि त्यानं ब्र काढू नये. पुढल्या पाच वर्षांत तिथं एकाचाही हात गेला नाही. साहेब बाहेर सांगायचे, तक्त्यांमुळे झालं. सांगू देत बापडे.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी प्रसाद वाटला जात असताना मंजुळा मागच्या नळापाशी एकटी उभी होती. भिकाजी तिच्यासमोर जाऊन खाली मान घालून उभा राहिला.

"मंजुळा, काय व्हया ता बोल गो. मार माका."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दोन वर्सा मी तेका शिव्या घालतंय, भिकादादा," ती म्हणाली. "पोरांका सांगितलंय, तुमच्या बापाशीन कोणाचा आयकला नाय, म्हणान मेलो. धाकटो तर तेचा नावसुद्धा घेणा नाय."

तिनं ठिबकणारा नळ घट्ट बंद केला.

"आणि तेना तर आयकलेला," मंजुळा म्हणाली. "तुमचा आयकलेला, म्हणान मेलो."

तिनं पदरानं तोंड पुसलं, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पोरांना सांगायला घरी गेली.