एका विहिरीचे चार मालक

मित्रांनो, आज सकाळी खुटबाव गावात आम्ही गावकऱ्यांना विहिरींचा नकाशा लॅपटॉपवर दाखवला. ठिपक्यावर क्लिक केलं की मालकाचं नाव दिसायचं.

विधवा सखूमावशी पुढं आल्या. "ही इहीर चार भावांची हाय. थोरल्या दिराचंच नाव कसं? माझी पाण्याची पाळी उद्या कोण मानंल?"

चूक माझी होती. यादीत एका विहिरीपुढं मी एकाच मालकाला जागा ठेवली होती.

आमच्या गटातल्या नाझनीननं तिथंच मालकांचा वेगळा तक्ता केला आणि विहिरीच्या क्रमांकानं नकाशाला जोडला. त्याच ठिपक्यावर तीन दिरांची आणि मावशींचं, अशी चार नावं आली.

मावशी थोरल्या दिरांना म्हणाल्या, "बघा आप्पा, मंगळवारची मोटर माझी. आता कम्प्युटर बी साक्षीला हाय."

आप्पा हसले. "व्हय, चालू करा."

तक्ता आखणाराच कुणाचा हक्क दिसू द्यायचा ते ठरवतो. तुमच्या गावच्या यादीत कुणाच्या नावाला जागाच नाही?