देवीपुढे लांबवलेला पाय

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, "बूट काढून उभे राहत होता का?" मी नाही म्हणालो. पन्नाशी उलटलेला माणूस मी, शाळकरी पोरासारखा खोटं बोललो. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की डॉक्टरांना दुसरं काही विचारावंच लागलं नाही.

मी कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणतो. आमचं गाव मोहाडीकडचं. आमचे हातमाग खड्ड्याचे. विणकर काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या पावड्या आळीपाळीनं दाबत राहतो. लोक हातांचं कौतुक करतात, पण अर्धं काम पायांचं असतं. एक दिवस त्याच खड्ड्यातून घाईनं वर येताना उजव्या पायाची बोटं काठाला अडकली आणि सगळं अंग पुढे गेलं. मुरगळला असेल म्हणून दोन दिवस तेल चोळलं. तळपाय काळानिळा पडला तेव्हा भंडाऱ्याला जाऊन एक्स-रे काढला. पायाच्या मधली दोन हाडं मोडली होती आणि तिथलेच सांधे निखळले होते. नागपुरात ऑपरेशन झालं, प्लेट आणि स्क्रू बसले. दोन महिने पाय जमिनीला लावला नाही. मग पोटरीपर्यंतचा कडक तळव्याचा बूट मिळाला. तो घातल्याशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही, घरातसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

पण देवघरासमोर पायात बूट घालून उभं कोण राहील? आमच्याकडे पूजा उभ्यानं करायची रीत. वडिलांनी शेवटच्या आजारपणातही ती सोडली नव्हती. मी रोज सकाळी बूट काढायचो आणि भिंतीला हात लावून अनवाणी उभा राहायचो. बायको चिडायची. "देव काय तुमची हजेरी घेऊन राहिला का? बसून करा ना पूजा!" मी तिला गप्प बसवायचो. देवाच्या कामात पायाला काही होणार नाही, अशी माझी समजूत होती. खरं सांगायचं तर त्यात श्रद्धेपेक्षा ताठाच जास्त होता.

आता या नव्या एक्स-रेत एक स्क्रू वाकलेला दिसत होता. डॉक्टर म्हणाले, अजून दीड महिना थांबू. हाडं पुन्हा सरकली तर सांधा कायमचा जखडून टाकावा लागेल, मग दिवसभर पावडी दाबता येईलच असं नाही. मला दुसरा कुठलाही धंदा येत नाही. त्या दिवसापासून मी पूजाच बंद केली. तुझ्यापुढे उभा राहिलो म्हणूनच माझं हे झालं ना, असा सरळ राग होता.

आंबागड हे बायकोचं माहेर. पुढच्या आठवड्यात तिथे गेलो तेव्हा ती मला बळेबळेच देवीच्या देवळात घेऊन गेली. ती आत गेली, मी पायरीवर बसून राहिलो. एक म्हातारी अंगण झाडत होती. मी तिला ओळखत नव्हतो. तिनं झाडू थांबवला.

"काहून बाहेर बसले, भाऊ?"

"पायात बूट आहे. काढता येत नाही."

"मंग? कुबडी घेऊन येते त्याले काय बाहेर ठेवते कोनी? सध्या हाच तुमचा पाय होय."

ती बादली घेऊन आली आणि खाली बसून बुटाचा तळवा पाण्यानं धुवू लागली. मी नको नको म्हणत राहिलो. तिनं आपल्या पदरानं तो पुसला आणि हाताला धरून मला आत नेलं. गाभाऱ्यासमोर मला बसवलं. पाय दुमडत नव्हता, तो थेट देवीकडे लांब झाला. मी लाजून बाजूला वळायला लागलो, तर ती म्हणाली, "राहू द्या तसाच. लेकराचा पाय दुखला तं मायलेच दाखवन ना?"

मला रडू आलं. बायकोसमोर, त्या अनोळखी बाईसमोर मी हुंदके देऊन रडलो. इतके दिवस मी देवापुढे धडधाकट असल्यासारखा उभा राहत होतो. मोडलेला पाय असा त्याच्यापुढे कधी ठेवलाच नव्हता. काही मागायचंही त्या दिवशी सुचलं नाही.

दीड महिना बूट एकदाही काढला नाही. हाडं जागेवर राहिली. कुणी म्हणेल, डॉक्टरांचं ऐकलं म्हणून. मीही तेच म्हणतो. पण मला ऐकायला लावणारी ती बाई होती, आणि तिला माझ्याकडे कुणी पाठवलं हे मी कुणाशी वाद घालून ठरवत नाही. पावडी आता दाबतो, दोन तासांनी थांबावं लागतं, थंडीत पाय ठणकतो.

उभं राहता येतं आता. तरी पूजेला मी बसतो, पाय लांब करून. घरी आलेल्या पाहुण्यांना ते खटकतं. कुणी म्हणालंच, "देवाकडे पाय?" तर मी सांगतो, "हो. दुखतो ना."