कुमुदताईंचे गुरुवार

कुमुदताई गेल्याचं मला मंडईत कळलं. हातात मेथीची जुडी होती आणि फोन वाजला. त्यांच्या मुलीचा, नेहाचा. "काका, आई गेली... पहाटे, झोपेतच." मी "बरं" म्हणालो. भाजीवाली म्हणाली, "काका, घ्यायचीय का नुसती धरून उभं राहायचंय?" घेतली आणि घरी आलो. त्याला दीड महिना झाला. आता लिहायला बसलोय, तेही पेपरच्या पुरवणीवाल्यांचा तिसरा फोन आला म्हणून. थकलोय, खोटं कशाला बोलू.

चाळीस वर्षं मी त्यांच्या गाण्याला तबल्याची साथ केली. त्या अमरावतीहून गाणं शिकायला पुण्यात आल्या, तेव्हा मी बँकेत कारकून होतो. आमची पहिली बैठक बुधवार पेठेतल्या एका देवळात झाली. बाहेर रेडिओच्या दुकानांचा कलकलाट, आत वीस-पंचवीस माणसं, त्यातली निम्मी प्रसादासाठी थांबलेली. कुमुदताईंनी काळी पाचच्या उंच स्वरात षड्ज लावला आणि प्रसादवालेही मांडी घालून बसले. पुढे नाव झालं, गावोगाव मैफली झाल्या. मोठे मानसन्मान मात्र हुकतच राहिले. कुणाच्या पुढेपुढे करणं त्यांना जमलं नाही, आणि ते शिकवायला मीही उपयोगाचा नव्हतो.

साठीनंतर त्यांचा आवाज खाली येऊ लागला. गाणाऱ्याच्या आधी हे तबलजीला कळतं, कारण तबला त्याच्या स्वराला मिळवायचा असतो. स्वर उतरला की मोठ्या तोंडाचा तबला लागतो. एका मैफलीला मी न विचारताच तसा एक जादा तबला घेऊन गेलो. तानपुरा लावताना त्यांचं लक्ष गेलं.

"हा कशाला?"

"असू दे जवळ. लागला तर."

"म्हणजे मी उतरले, असंच ना?"

त्या हट्टानं जुन्याच स्वरात गायल्या. वरचा षड्ज दोनदा फुटला. उठताना मी म्हणालो, "आणला होता मी तबला." काही गरज होती का हे बोलायची? पण जीभ आवरली तर आम्ही पुणेकर कसले! त्यानंतर दोन वर्षं त्यांनी मला बोलावलं नाही, आणि मीही गेलो नाही.

मग एका दुपारी फोन आला. "अहो भाऊ, तो मोठा तबला आहे का अजून?"

तेव्हापासून दर गुरुवारी चार वाजता आम्ही त्यांच्या घरी बसू लागलो. समोर श्रोता कुणी नाही. पूर्वी त्या भराभर वर जायच्या. आता खालच्या स्वरात गायच्या, एकेका सुरापाशी थांबायच्या, घाई म्हणून नाही... इतकं सुंदर गाणं मी आयुष्यात ऐकलं नाही. हे त्यांना सांगायला हवं होतं. शेवटच्या गुरुवारी चहा घेताना त्यांनी विचारलं, "कसं झालं आज?" आणि मी म्हणालो, "ठीक. द्रुतात लय जरा धावली."

त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. मग म्हणाल्या, "हो का? पुढच्या वेळी सांभाळते मी."

सोमवारी त्या गेल्या.

शोकसभेत त्यांचं जुनं, उंच स्वरातलं गाणं लावलं. लोक माना डोलावत होते आणि मला तिथे बसवेना. नेहा मागोमाग बाहेर आली. ती खराडीला नोकरी करते, पण त्या शेवटच्या गुरुवारी घरूनच काम करत होती. "काका, त्या दिवशीचं मी फोनवर घेतलंय. आईला माहीत नव्हतं," म्हणाली.

तिनं ते मला पाठवलं. घरी येऊन ऐकलं. लय धावत होती खरी, पण ती माझी. लय सांभाळायची ती तबलजीनं, आणि माझाच हात पळत होता. कुमुदताई मांडीवर ताल देत होत्या, जरा जोरातच, मला मागे ओढायला. माझा हात उतरल्याचं त्यांना केव्हाच कळलं होतं. मी त्यांच्या आवाजाबद्दल बोललो होतो. त्या माझ्या हाताबद्दल एका शब्दानं बोलल्या नाहीत, उलट चूक स्वतःवर घेतली. मला फार लाज वाटली, अजून वाटते.

गुरुवारी चार वाजता मी आता फोनवर तेच गाणं लावून तबला घेऊन बसतो. विलंबित निभतं. द्रुत आलं की हात पळतो. मग त्यांच्या मांडीवरची थाप ऐकू येते आणि मी मागे येतो. थोडा वेळ जमतं. पुन्हा हात पळतो... आणि त्या पुन्हा सांभाळतात.