कशात बसणार हाय हे?

बाबालाल गेला हे मला कळलं तेव्हा भट्टी सुटायला आली होती. फोन त्याच्या पुतण्याचा होता. "चाचा गेले. सकाळी," एवढंच म्हणाला आणि थांबला. मी "बरं" म्हणालो. वितळलेलं लोखंड कुणासाठी थांबत नाही, असं मनाशी म्हणत ओतकाम पुरं होईपर्यंत तिथंच उभा राहिलो. खरं तर मी नसतो तरी ते झालं असतं, माणसं जुनी आहेत... सदर बाजारात त्याच्या घरी पोचलो तेव्हा जनाजा निघून गेला होता. दारात चपला होत्या, आत बायका बसल्या होत्या. थोडा वेळ रस्त्यावर उभा राहिलो आणि परत आलो. याला आता पावणेदोन महिने झाले. रडू आलेलं नाही. जेवण जातं, झोप लागते, गिऱ्हाइकाशी दरावरून भांडतोही.

बाबालाल मिस्त्री पॅटर्नमेकर होता. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर तो आधी लाकडात घडवावा लागतो. ते लाकूड वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि साच्यात रस ओतायचा. थंड होताना लोखंड आकसतं, म्हणून लाकूड जरा मोठं ठेवायचं. किती मोठं, हे बोटांना कळतं तो मिस्त्री. मी गडहिंग्लजहून एसटीनं कोल्हापुरात आलो तो उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत वाळू चाळायला. हा तिथंच पॅटर्न विभागात हाताखाली होता. भाकरी माझी, कालवण त्याचं, असं आमचं जेवण चालायचं. पुढं मी शिरोलीत स्वतःची शेड टाकली तेव्हा तो काही न विचारता आपली हत्यारांची पेटी घेऊन आला. माझा धंदा उभा राहिला तो माझ्या तोंडावर आणि त्याच्या हातावर. मी भांडून कामं आणायची, त्यानं ती निभावायची. चारचौघांत तो मला मालक म्हणायचा, एकटे असलो की अरे-तुरे.

त्याची कामाची एक पद्धत होती. ड्रॉइंग समोर आलं की तो आधी विचारायचा, "कशात बसणार हाय हे?" उत्तर मिळेपर्यंत लाकडाला हात लावायचा नाही. त्याला कारण होतं. ओतताना मळी वर येते, म्हणून ज्या बाजूवर खरा भार पडणार ती साच्यात खाली ठेवायची. आणि भार कुठं पडणार हे तो भाग कशात बसणार ते कळल्याशिवाय कसं कळणार? एकदा एका पंपवाल्या कंपनीचा खरेदी अधिकारी हसून म्हणाला, "मिस्त्री, तुम्हाला काय करायचंय? मापं आहेत ना." बाबालाल म्हणाला, "पावणं, पाणी कुठनं येणार आन् कुठं जाणार एवढं सांगा, मग च्या घ्या." अधिकाऱ्यानं कागदावर सगळा पंप काढून दाखवला. चहा गार झाला. त्या पंपाचं एकही कास्टिंग परत आलं नाही.

अडीच वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीचं काम आलं. नाव सांगत नाही, गुप्ततेच्या कागदावर माझी सही आहे. ती कंपनी दारात यावी म्हणून आमच्या औद्योगिक वसाहतीतले निम्मे लोक टपून बसले होते. मी तीनदा पुण्याला जाऊन, दर ओढून ओढून ते काम आणलं होतं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात भागाच्या नावाचा चौकोन असतो, तो रिकामा होता. फक्त नंबर.

"कशात बसणार हाय?" बाबालालनं विचारलं.

"नंबर हाय की त्यावर."

"नंबर माझ्या गाडीलाबी हाय. कशात बसणार?"

मी अधिकाऱ्याला फोन केला. तो गोड बोलला. म्हणाला, संरक्षण क्षेत्रातलं आहे, निर्यातीचं आहे, जास्त खोलात जाऊ नका. मी तसंच येऊन सांगितलं. बाबालाल दोन दिवस ते ड्रॉइंग बघत बसला. तिसऱ्या दिवशी मला पॅटर्नच्या खोलीत बोलावून म्हणाला, "आयुष्यभर तडा जाऊ न्हाय म्हणून लाकूड घासलं. ह्ये तडकावं म्हणूनच काढलंय. तूच बघ." मी बघितलं होतं. बाँबचं कवच ओळखू न येण्याइतका मी खुळा नाही.

"फौजेलाच लागतंय," मी म्हणालो. माझा थोरला भाऊ फौजेत होता, बाबालालला ते ठाऊक होतं.

"आपल्या फौजेला लागत असंल तर फुकट करून देतो, तुझ्या भावाची आण. पण ह्ये भायेर जाणार म्हणतोस. कुणाकडं? कुणावर पडणार? कंपनीला म्हाईत, मंत्र्याला म्हाईत, आन् करणाऱ्यालाच न्हाय? एका कागदावर देशाचं नाव लिवून दिवू देत. मग बघू."

आता शांतपणे विचार केला तर कळतं, तो फार काही मागत नव्हता. मी वाळू विकत घेतानासुद्धा ती कुठल्या नदीची ते विचारतो. कर भरतो, मत देतो आणि टीव्हीवर कुठलं तरी शहर पेटलेलं दिसलं की दोन्ही बाजूंनी बोलतो. पण ज्या टेबलावर हे सौदे ठरतात तिथं आपल्याला खुर्ची नसते, हे मला तोवर टोचलं नव्हतं. आयुष्यभर घासाघीस केलेला माणूस मी, आणि तिथं मात्र दर सोडून काहीच विचारलं नाही.

त्या दिवशी शांतपणा नव्हता. खोलीचं दार उघडं होतं, बाहेर मोल्डिंगची, म्हणजे वाळूचे साचे भरणारी, माणसं चहाला बसली होती. मी ओरडलो, "तुमच्यातलं कोण तिकडं बसलंय, म्हणून एवढा कळवळा आलाय?"

सगळ्यांनी ऐकलं. भांडण झालं की बाबालाल माझ्या दुप्पट आवाजात बोलायचा, तीस वर्षांची सवय होती. मी त्या आवाजाची वाट बघत होतो. त्यानं पटाशी पुसली, रंधा पुसला, पेटीत ठेवला. पेटी मोठी होती, एकट्याला उचलत नव्हती. शिवाप्पा मोल्डर उठला आणि दुसऱ्या बाजूनं हात लावून ती फाटकापर्यंत नेऊन आला.

मला वाटलं, आठ दिवसांत येईल. आला नाही. मी निरोप धाडला नाही, कारण जाणारा तो होता. हे मी आजही म्हणतो. एक शिवी हासडली असती तर मी तिथंच पाय धरले असते... पण त्यानं मला तेवढीही जागा दिली नाही. याचा राग अजून गेलेला नाही, आणि मेलेल्या माणसावरचा राग कुठं न्यायचा हे मला कळत नाही.

पॅटर्न दुसऱ्याकडून करून घेतला. संगणकावर कापून देणारा होता, त्यानं काही विचारलं नाही. माल गेला. पुढं एका हॉलमध्ये आम्हा सगळ्या पुरवठादारांना फेटे बांधले. एक पुढारी म्हणाला की देशाच्या सामर्थ्यात कोल्हापूरच्या लोखंडाचा वाटा आहे. कंपनीचे साहेब पहिल्या सोफ्यावर होते, आम्ही खुर्च्यांवर. लहान फौंड्रीवाल्यांना नव्या वसाहतीत प्लॉट द्यायचं त्यानं त्याच व्यासपीठावर कबूल केलं. वर्षानं ती सगळी जमीन कंपनीला गेली. आम्हाला फेट्यातले फोटो मिळाले. मी वसाहतीच्या कार्यालयात जाऊन आरडाओरडा केला, दोन शिपायांनी बाहेर काढलं. घरी येताना वाटलं, हे बाबालालला सांगितलं पाहिजे, तो पोट धरून हसेल. गाडी सदर बाजाराकडं वळवलीही होती. सिग्नलपाशी पुन्हा सरळ केली.

तो घरीच देव्हारे करत असे, हे ऐकून होतो. एकदाच भेटला, लाकडाच्या वखारीत. सागाच्या फळ्या उलटसुलट करून बघत होता. बारीक झाला होता.

"बरं हाय का?" मी म्हणालो.

"हाय की," तो म्हणाला, आणि फळी उचलून उजेडाकडं गेला. तेच शेवटचं.

टीव्हीवर पडलेल्या इमारती अजून दिसतात. पूर्वी बघायचो तशाच बघतो. एवढंच की, ढिगाऱ्यात लोखंडाचे तुकडे दिसले की कॅमेरा जरा जवळ जावा असं वाटतं. आपला माल असला तर ओळखू येईल का? बाबालालला आला असता.

चाळिसाव्याला मी गेलो. त्याच्या बायकोनं, मुमताजभाभींनी, बसायला खुर्ची दिली. भिंतीला लावून तीन देव्हारे होते, एकाला कळस बसवायचा राहिलेला. मी विचारलं, "माझ्यावर राग होता का त्याचा?" त्या नाही म्हणतील आणि मी उठून येईन, असा माझा हिशेब होता.

"होता की," भाभी म्हणाल्या. "शेवटपत्तोर होता. तुमचं नाव निघालं की जेवण टाकून उठायचे." मग म्हणाल्या, "च्या ठेवते," आणि आत गेल्या. मी तो चहा प्यायलो.

गेल्या महिन्यात कंपनीचं दुसरं ड्रॉइंग आलं. काम पहिल्यापेक्षा मोठं आहे. मी अधिकाऱ्याला लिहून विचारलं की हा भाग कशात बसणार आणि कुठल्या देशात जाणार. फोन आला. "साहेब, तुम्ही तर धंदा कळणारे माणूस," तो म्हणाला. मी म्हणालो, म्हणूनच विचारतोय. लेखी उत्तर अजून आलेलं नाही. नाहीच आलं तर काम सोडीन असं छातीठोकपणे सांगवत नाही. पन्नास माणसांची घरं यावर आहेत. पण यापुढं विचारल्याशिवाय कुठलाच साचा घेणार नाही, एवढं ठरवलंय.

आणि परवा दुपारी, चहाच्या वेळी, मी मोल्डिंगच्या शेडमध्ये गेलो. जे बोललो होतो ते सगळ्यांसमोर बोललो होतो, तेव्हा मागे घ्यायचं तेही सगळ्यांसमोरच. माणसं कप हातात घेऊन बसली होती. मी म्हणालो, "बाबालालला मी त्या दिवशी जे बोललो ते वाईट बोललो. त्यात त्याची काही चूक नव्हती. माझी होती."

शिवाप्पानं कप खाली ठेवला.

"मालक, ते आमाला त्याच दिवशी म्हाईत होतं," तो म्हणाला. "आमाला कशाला सांगताय?"

मी पॅटर्नच्या खोलीत गेलो. त्याचं स्टूल तिथंच आहे. मूळचे पाय त्याला उंच व्हायचे म्हणून त्यानं ते आपल्या मापानं कापून घेतले होते, आणि तो माझ्याहून बराच बुटका होता. मी त्यावर बसलो. गुडघे छातीपाशी आले. नीट बसता येईना, पण उठलो नाही. बाहेर माणसांनी फावडी उचलल्याचा आवाज झाला, मग वाळू चाळणीवर पडू लागली.