दोडक्याचं गोड पाणी

नागपूरपासून समुद्र कितीही लांब असला, तरी प्रताप नगरातल्या आमच्या फ्लॅट स्कीमच्या बोरवेलला खारं पाणी लागलेलं आहे. एरवी ते आम्ही धुण्याभांड्याला वापरतो. त्या मे महिन्यात मात्र नळाची मोठी पाइपलाइन फुटली, टँकर येतो-येतो म्हणून येईना, आणि अख्ख्या स्कीमवर बोरच्या पाण्याचा चहा प्यायची वेळ आली. (तो चहा पिताना कोणी कोणाशी बोलत नसे.)

आमची मुलगी रश्मी रसायनशास्त्रात पीएचडी करते. वाळलेल्या दोडक्याच्या जाळीने, उन्हाच्या जोरावर, खारं पाणी गोड करायचं, असा तिचा विषय. टँकरची वाट बघत खाली जमलेल्या मंडळींना मी हे सकाळी-सकाळी अभिमानाने सांगितलं. तळमजल्यावरचे भोयर म्हणाले, "काय सांगून राहिले साहेब? पोरगी दोडक्यात डॉक्टर होऊन राहिली?"

सगळे हसले. शेजारधर्म म्हणून मीही थोडा हसलो. पण पोरीच्या अभ्यासावर हसणं मला झोंबलं आणि तोंडातून निघून गेलं, "उद्या संध्याकाळी गच्चीवर या सगळे. याच बोरचं पाणी गोड करून पाजतो तुम्हाले."

रश्मी लॅबमध्ये होती. फोनवर हे ऐकून तिने आधी "उद्या?" असं दोनदा विचारलं. मग म्हणाली, "बाबा, कपाटातल्या जाळ्या मी येईपर्यंत वरून काळ्या करून ठेवा. काळा भाग ऊन ओढतो, खालचा भाग वातीसारखा पाणी ओढतो. वाफ वर जाते, मीठ खाली राहते. पण फक्त काळ्या करा. जाळू नका."

वाळलेलं दोडकं किती उत्साहाने पेटतं, हे मात्र तिने सांगितलं नव्हतं. मी पहिली जाळी चिमट्यात धरून गॅसवर नेली आणि माझ्या हातात मशालच आली. ती टाकायला जागा शोधली, तर ती नेमकी बाकीच्या जाळ्यांवर पडली. स्वयंपाकघरात धूर, खिडकीतून धूर, खाली आरडाओरडा, आणि भोयर बादली घेऊन दारात.

"आग कुठी हाये?"

"आग नाही, प्रयोग आहे," मी म्हणालो. पण तोवर बादली हातातून सुटली होती. आग ओट्यावर होती, पाणी माझ्यावर आलं. (बोरचंच होतं. डोळे झोंबले म्हणून कळलं.)

आता जाळ्या नाहीत, आणि उद्या सगळी स्कीम गच्चीवर येणार. माझी बायको सुनंदा देवघरातून उठून आली, तिने ओट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि थेट गच्चीवर गेली. तिथल्या कुंडीतल्या वेलावर तिने बियाण्यासाठी दोडकी वाळत ठेवली होती. ती सगळी तिने तोडून आणली.

"बिया काढून देते. पण भाजायचं मीच करीन. तुम्ही तिकडे बसा."

"मी फक्त धरतो."

"तुम्ही काहीच धरू नका."

तिने जाळ्यांचे काप केले आणि मंद आचेवर, पोळ्यांच्या तव्यावर, एकाच बाजूने काळे केले. रश्मी घरी आल्यावर ते पाहून म्हणाली, "आई, आमच्या लॅबमध्येही इतके सारखे होत नाहीत."

सकाळी गच्चीवर मोठी परात मांडली. तिच्यात बोरचं पाणी, पाण्यावर काळी बाजू वर करून तरंगणारे काप, वर शोकेसची काच तिरकी, आणि काचेच्या खालच्या कडेला पन्हळ लावून तांब्या. बराच वेळ काच नुसतीच धुरकट झाली. भोयर अधूनमधून येऊन बघून जात. "काचेले घाम आला वाटते," एवढं बोलून उतरत. मी वाकून-वाकून थेंब शोधत होतो. शेवटी रश्मी म्हणाली, "बाबा, सरका ना जरा. तुमची सावली पडून राहिली."

मी सरकलो आणि खरोखरच थेंब घरंगळू लागले. नागपूरच्या उन्हाला मी जन्मभर शिव्या दिल्या होत्या. त्या दुपारी मी त्याला हात जोडले.

संध्याकाळी सगळे आले. कोणी पातेलं घेऊन, कोणी कॅन घेऊन. तांब्या एकच होता, तोही काठापर्यंत नव्हता. सुनंदाने देवघरातली पळी आणली आणि तीर्थासारखं वाटायला घेतलं. पहिला हात भोयरांचा. त्यांनी पाणी तोंडात घेतलं, डोळे मिटले. रश्मीने माझं मनगट घट्ट धरलं.

भोयरांनी डोळे उघडले आणि हात पुन्हा पुढे केला. "अजून एक पळी दे वं वहिनी." मग रश्मीकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, तू डॉक्टर झालीच समज. आमच्या स्कीमची."

टाळ्या पडल्या. रश्मी लाजली, सुनंदा तिच्या मागे लपली, म्हणून लोकांनी दोन शब्द बोलायचा आग्रह मला केला. मी बोललो. दोडक्यावर बोललो, सूर्यावर बोललो, विज्ञानावर आणि मुलींच्या शिक्षणावर बोललो. अंधार पडेपर्यंत बोललो. घसा पार कोरडा पडला, तेव्हा थांबून सुनंदापुढे ओंजळ धरली.

तिने तांब्या उपडा करून दाखवला. "संपलं केव्हाच. जे ऐकत होते, त्यांनी प्यायलं."