लाल सुताची खूण

शेवट सांगून टाकला, ही माझीच चूक. आज इतक्या वर्षांनीही ती आठवली की मान खाली जाते.

सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या आमच्या वाचनालयात एक गिरणी कामगार सकाळची पाळी सुटल्यावर यायचे. भुवयांना कापसाचे तंतू चिकटलेले असायचे. विज्ञान कादंबऱ्या वाचणारे तिथं आम्ही दोघंच, म्हणून शेजारी बसायचो. नावं मात्र कधी विचारली नाहीत. अंतराळयान संकटात सापडलं की ते पानात लाल सुताची खूण घालून पुस्तक मिटायचे, माठातलं पाणी पिऊन यायचे आणि मगच पुढं वाचायचे.

एकदा मी वाचलेली कादंबरी त्यांच्या हातात होती.

"यानातली हवा संपत आलीया," ते हळूच म्हणाले.

"काळजी नको," मी ऐटीत म्हणालो, "सगळे सुखरूप परततात."

त्यांनी पुस्तक मिटलं. पाणी प्यायला उठले नाहीत.

"मी बी त्यांच्यासंगं यानात हुतो की वो. तुमी मला मधीच उतरवलं."

दुसऱ्या दिवसापासून ते खिडकीजवळ, एकटेच बसू लागले. माझं वाचनात मन लागेना.

पुढं एक नवी विज्ञान कादंबरी आली आणि आधी माझ्या हाती पडली. ती न उघडताच मी त्यांच्यासमोर नेऊन ठेवली.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "ही मी वाचलेली नाही. आधी तुम्ही वाचा, आणि शेवट मला सांगून टाका."