नदी फिरून बघणारे भाऊजी

आमच्या धाकट्या भाऊजींइतका संशयी माणूस अख्ख्या खालापूर तालुक्यात झाला नसेल. त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरसुद्धा भरवसा नसे. दूध उतू चाललेलं समोर दिसत असलं, तरी ओरडून विचारत, "वहिनी, वास येतोय का?" मी "येतोय" म्हणेपर्यंत निम्मं दूध चुलीत. एकदा लग्नासाठी मुलगी बघायला गेले, तर तिच्या शेजाऱ्यांना, शाळेतल्या बाईंना आणि वाण्याला विचारून आले. तिघांचं काही जुळेना. लग्न राहिलंच.

पावसाळ्यात हा नाद नदीकडे वळे. पलीकडच्या शेतांवर जायला आम्हाला पाताळगंगा उतारावरून, म्हणजे उथळ पाण्यातून चालत, ओलांडावी लागे. नदीच्या वरच्या अंगाला खोपोलीचा एक पुजारी, वाटेतला एक गुराखी आणि खालापुरातला चहावाला हमीदभाई, या तिघांना भाऊजींनी काठच्या दगडांवर चुन्याच्या रेघा मारून दिल्या होत्या. पाणी कुठल्या रेघेला आहे, याचे तिघांचे निरोप रोज सकाळी बसच्या कंडक्टरबरोबर येत. तेवढ्यावर भागत नसे. मग हे सायकल काढून काठाकाठाने खालापूरपर्यंत जाऊन येत. "बसलेला माणूस आपल्या दगडापुरतं बघतो, वहिनी. मधलं कोण बघणार?" हमीदभाई म्हणे, "भाऊ, रेघ बघायला येतोस की फुकटचा चहा प्यायला?" पण भाऊजींना विचारल्याशिवाय गावातलं कोणी पाण्यात पाय घालत नसे.

त्या श्रावणात घरातले तांदूळ संपले, म्हणून मी गड्याबरोबर भाताचं पोतं भाऊजींच्या सायकलवरून गिरणीत पाठवलं. भाऊजी दारात चुळबुळत राहिले. "तिघेही पाणी कमी म्हणतायत ना? मग एक दिवस बसा घरी," मी म्हटलं. तेवढ्यात शेजारची ताराबाई बैलजोडी घेऊन आली. "भाऊ, जाऊ का रं पल्याड?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जा," म्हणाले.

तिघेही खरंच बोलले होते. पण हमीदभाईचा दगड आणि आमचा उतार यांच्या मधे एक ओढा नदीला मिळतो आणि त्याच्या डोंगरावर पहाटेपासून पाऊस कोसळत होता. ताराबाई मधोमध असताना लोंढा आला. ती करंजाच्या फांदीला धरून वाचली. बैल गेले. एकट्या बाईची सगळी शेती त्या जोडीवर होती. "माज्या बैलांचं पाप तुज्यावर हाय," ती भर अंगणात भाऊजींना म्हणाली. सायकल कुठे होती हे त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही.

पुढे सायकल पडवीत गंजली. परवा दूध तापत होतं. मीच मुद्दाम हाक मारली, "भाऊजी, वास येतोय का हो?"

"तुम्ही म्हणाल तसं, वहिनी."

दूध उतू गेलं. मी भांडं उतरवलं नाही.